परवलीचा शब्द कुणी कुणाला सांगायचा?

'पासवर्ड' हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की, त्याला आपल्याकडे पूर्वीपासून एक चांगला शब्द आहे हे आपण जवळजवळ विसरलो आहोत. परवलीचा शब्द. ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढलेल्या पिढीला तो चांगला परिचयाचा आहे. गडाचा दरवाजा, तिन्हीसांजेची वेळ, वर बुरुजावर पहारेकरी आणि खाली कुणीतरी आलेला. पहारेकरी विचारतो, खालचा उत्तर देतो. शब्द जुळला तर दिंडी उघडते. नाही तर आलेल्याने रात्र बाहेर काढायची. हिरकणीची जी कथा आपण मुलांना सांगतो, तिचाही अर्धा जीव या शिस्तीत आहे. दरवाजा बंद झाला म्हणजे झाला, मग घरी कुणाचे तान्हे मूल का रडत असेना.

या व्यवस्थेत एक गोष्ट पक्की होती. प्रश्न पहाऱ्यावरच्याने विचारायचा आणि उत्तर आलेल्याने द्यायचे. संगणकाच्या जगात गेली तीस वर्षे जी एक फसवणूक अव्याहत चालू आहे, तिने हा क्रमच उलटा करून टाकला. बाहेरचा माणूस दाराशी येतो, आपण गडावरचेच अधिकारी असल्याची बतावणी करतो आणि पहारेकऱ्यालाच दरडावून विचारतो, 'परवलीचा शब्द काय आहे? लवकर सांग, नाही तर नोकरी जाईल!' पहारेकरी बिचारा घाबरतो आणि सांगून मोकळा होतो.

इंग्रजीत या प्रकाराला 'फिशिंग' म्हणतात. उच्चार मासेमारीचाच, स्पेलिंगमध्ये मात्र 'एफ'च्या जागी 'पीएच' घातले आहे. टेलिफोन यंत्रणेत घुसखोरी करणाऱ्या जुन्या टोळक्यांनी आपल्या उद्योगाच्या नावात 'पीएच' आणले होते, त्याची ती आठवण. १९९०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत 'अमेरिका ऑनलाइन' ही कंपनी टेलिफोनच्या तारेवरून घरोघरी इंटरनेट पुरवीत असे. त्या सेवेत काही पोरसवदा भामटे कंपनीचे कर्मचारी असल्याचे भासवून ग्राहकांना निरोप धाडीत : तुमच्या खात्याची पडताळणी चालू आहे, कृपया पासवर्ड कळवा. आणि लोक कळवीत. 'फिशिंग' हा शब्द १९९६ च्या सुमारास याच उद्योगासाठी लेखी सापडतो. शेवटी कंपनीने ग्राहकांना बजावले की, आमचा कोणताही कर्मचारी तुम्हाला पासवर्ड विचारणार नाही. आज आपल्या बँकेच्या पत्राखाली हेच वाक्य बारीक अक्षरांत छापलेले असते. वाक्य तीस वर्षे तेच आहे आणि फसणारेही तीस वर्षे फसतच आहेत. तेव्हा नुसत्या सूचनेने हे दुखणे बरे होणारे नाही, एवढे तरी उघड आहे.

मग ते बरे का होत नाही? याचे आपल्याकडचे नेहमीचे उत्तर म्हणजे, लोक लोभी असतात किंवा मूर्ख असतात. मला हे उत्तर मान्य नाही. किंबहुना हे उत्तरच या दुखण्याला खतपाणी घालते, असे माझे मत आहे.

फसतो तो कोण?

परदेशात कुणा अनोळखी गृहस्थाने तुमच्या नावे कोट्यवधी डॉलर ठेवले आहेत, अशी पत्रे पूर्वी फार येत. त्यांत लोभाचा भाग होता, हे खरे. पण पासवर्ड काढून घेणारे पत्र सहसा काही देऊ करत नाही. ते म्हणते, तुमचे केवायसी अपुरे आहे, आज संध्याकाळपर्यंत कागदपत्रे न दिल्यास खाते गोठवले जाईल. ते म्हणते, आयकराचा परतावा खात्याचा तपशील न जुळल्यामुळे अडकला आहे. विजेचे बिल नोंदवले गेलेले नाही, रात्री जोडणी तोडली जाईल. तुमच्या मेलच्या खात्यात कुणी परका शिरला आहे, ताबडतोब पासवर्ड बदला.

या पत्रांना कोण उत्तर देते, याचा विचार करा. बिलाकडे ढुंकूनही न पाहणारा माणूस असल्या पत्राकडेही पाहत नाही. उत्तर देतो तो, जो विजेचे बिल शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी भरतो. जो आयकराचे विवरणपत्र वेळेत देतो. जो दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी बँक उघडण्यापूर्वीच दारात उभा राहतो. कचेरीतून पत्र आले की त्याच दिवशी उत्तर द्यायचे, हे ज्याच्या हाडीमासी खिळले आहे, असा सरळमार्गी माणूस. आपल्या मध्यमवर्गीय घरांनी ज्या गुणांचा अभिमान बाळगला, ते आज्ञाधारकपणा, वक्तशीरपणा आणि सरकारी कागदाबद्दलचा धाक हे गुणच भामट्याने भांडवल म्हणून वापरले. लोभ्याला 'लोभ सोड' असे सांगता येते. सरळमार्गी माणसाला काय सांगणार? सरळपणा सोड?

त्याला वेगळे काही सांगावे लागेल. ते सांगण्यासाठी थोडे बँकेच्या आत जायला हवे.

तारेतला आकडा

मी बँकेत होतो त्या काळात एका शाखेतून दुसऱ्या शाखेत तारेने पैसे पाठवायची सोय होती. आम्ही तिला 'टीटी' म्हणत असू. नाशिकच्या माणसाने पैसे भरले की नागपूरच्या शाखेला तार जाई : अमुक इसमास इतके रुपये द्यावेत. परंतु नुसती तार आली म्हणून नागपूरचा अधिकारी एक रुपयाही देत नसे. तारेत एक सांकेतिक आकडा असे. रक्कम, तारीख, शाखा अशा गोष्टींवरून ठरलेल्या कोष्टकानुसार तो काढावा लागे, आणि त्या कोष्टकाचे पुस्तक अधिकाऱ्याच्या ताब्यात कुलपात असे. पैसे देणाऱ्या अधिकाऱ्याने तो आकडा स्वतः काढायचा, तारेतल्या आकड्याशी ताडून पाहायचा आणि जुळला तरच पैसे द्यायचे. न जुळल्यास उलट तार करून खुलासा मागवायचा. काउंटरवरचा ग्राहक मुलीच्या लग्नाची घाई सांगो की आईच्या ऑपरेशनची, आकडा जुळेपर्यंत थांबायचे. यात कुणाचा अपमान होत नसे. नाशिकचा अधिकारीही रागावत नसे, कारण उद्या तोही हेच करणार असे.

यातली मेख अशी की, बँक स्वतःच्या शाखेच्या नुसत्या नावावरही विश्वास ठेवत नव्हती. डिमांड ड्राफ्ट आला तर त्यावरच्या अधिकाऱ्याची सही बँकेच्या स्वाक्षरी-पुस्तकात पाहिली जाई. स्ट्राँग रूमला दोन किल्ल्या असत आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असत. निरोपावर कुणाचे नाव आहे याला महत्त्व नव्हते. तो निरोप खरोखर त्याच्याकडून आला याची खूण काय, एवढेच पाहायचे.

ग्राहकाला मात्र असे कोष्टक कधीच दिले गेले नाही. द्यायची गरजही नव्हती. ग्राहकाच्या दृष्टीने बँक म्हणजे एक इमारत होती. रस्त्यावर पाटी, दारात बंदूकधारी रखवालदार, जाळीमागे कॅशियर, हातात पितळी टोकन. खोटा चेक छापता येई, पण खोटी इमारत कुणी उभी करत नसे. बँकेने ग्राहकाची सही तपासायची आणि ग्राहकाने बँकेची इमारत ओळखायची, असा हा सरळ व्यवहार होता.

संगणकावर ती इमारत गेली. आता बँकेसारखे हुबेहूब दिसणारे संकेतस्थळ एखाद्या दुपारी उभे करता येते. तेच बोधचिन्ह, तेच रंग, तीच हसऱ्या कुटुंबाची छायाचित्रे. ओळख पटवायचा जो एक भाग ग्राहकाकडे होता, तो असा निरुपयोगी झाला, आणि बदल्यात त्याच्या हाती कोणतेही कोष्टक आले नाही. आले ते फक्त बारीक अक्षरांतले सूचनेचे वाक्य.

जाणते लोकही

अडाणी माणसेच फसतात, हा समज दूर व्हावा म्हणून एक जगजाहीर प्रकरण सांगतो. १९ मार्च २०१६ रोजी अमेरिकेत जॉन पोडेस्टा यांच्या खासगी जी-मेल खात्यावर एक पत्र आले. पोडेस्टा हे हिलरी क्लिंटन यांच्या निवडणूक प्रचाराचे अध्यक्ष. पत्र गूगल कंपनीचे वाटत होते. तुमचा पासवर्ड वापरून कुणीतरी युक्रेनमधून खात्यात शिरायचा प्रयत्न केला, आम्ही तो अडवला, आता पासवर्ड लगेच बदला, असा मजकूर आणि खाली एक बटण.

पोडेस्टांच्या कार्यालयाने बेफिकिरी केली नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्यांनी प्रचार कार्यालयातल्या संगणक तंत्रज्ञाला विचारले. त्याने कळवले की पत्र खरे आहे आणि पासवर्ड बदला. त्यासोबत गूगलच्या खऱ्या संकेतस्थळाचा पत्ताही दिला. 'खोटे' लिहायचे होते, ते हातून 'खरे' लिहिले गेले, असे त्या तंत्रज्ञाने नंतर सांगितले. पण त्या चुकीनंतरही बचावाची संधी होती. त्याने दिलेल्या खऱ्या पत्त्यावर जाऊन पासवर्ड बदलला असता, तर काही बिघडले नसते. पासवर्ड भरला गेला तो मूळ पत्रातले बटण दाबून. हजारो खासगी पत्रे चोरांच्या हाती गेली आणि ७ ऑक्टोबर २०१६ पासून, निवडणुकीच्या ऐन तोंडावर, 'विकीलीक्स'ने ती जगापुढे मांडायला सुरुवात केली. या आणि अशाच घुसखोरीबद्दल जुलै २०१८ मध्ये अमेरिकेने रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्याच्या १२ अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या निवडणुकीत ज्याने खळबळ उडवली, ते पत्र आपल्या घरी येणाऱ्या 'खाते बंद होईल' या पत्राचे सख्खे भावंड होते.

संगणक-सुरक्षेचाच व्यवसाय करणाऱ्या 'आरएसए' या अमेरिकन कंपनीची गत २०११ साली याहून बरी नव्हती. 'नोकरभरतीची योजना' अशा मथळ्याचे पत्र कंपनीतल्या मोजक्या कर्मचाऱ्यांना आले. यंत्रणेने ते बरोबर कचऱ्याच्या खणात टाकले होते. एका कर्मचाऱ्याने ते तिथून उचलून उघडले आणि चोर आत शिरले.

दुसरे प्रकरण आमच्या धंद्यातले आहे. २०१५ च्या जानेवारीत बांगलादेश बँकेच्या, म्हणजे त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या, कर्मचाऱ्यांना नोकरीच्या अर्जाची पत्रे आली. अर्जदार सभ्य, भाषा नम्र, सोबत माहितीपत्रक उघडण्यासाठी दुवा. त्या वाटेने चोर बँकेच्या संगणकांत शिरले आणि वर्षभर दबा धरून बसले. २०१६ च्या फेब्रुवारीत, सुट्टीचे दिवस गाठून, त्यांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील बांगलादेशच्या खात्यातून जवळजवळ ९५ कोटी डॉलर काढण्याचे आदेश धाडले. त्यांतले ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये पोचले. आणखी २ कोटी डॉलर श्रीलंकेतल्या एका संस्थेच्या नावे निघाले होते. पण त्या संस्थेच्या नावात 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चुकले होते. मधल्या बँकेत ते कुणाच्या तरी नजरेत आले आणि खुलासा मागवला गेला. ते २ कोटी वाचले. एवढ्या यंत्रणा, एवढे पहारे. आणि त्या रकमेपुरते कामी आले ते जुन्या टीटीच्या काळातले साधे शहाणपण. शंका आली की उलट विचारायचे.

चोर नेहमी परदेशीच असतो असेही समजू नये. २००५ साली उघडकीस आलेल्या एका प्रकरणात पुण्यातल्या एका कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतील बँक-ग्राहकांकडून गोड बोलून त्यांचे गुप्त क्रमांक काढून घेतले होते आणि काही लाख डॉलर इकडच्या खात्यांत वळवले होते. त्या ग्राहकांच्या दृष्टीने आपणच तो अनोळखी, अदृश्य भामटा होतो.

पत्ता वाचण्याची कला

तेव्हा ग्राहकाच्या हाती काय आहे, ते पाहू.

पहिली गोष्ट, ई-मेलवर पाठवणाऱ्याचे जे नाव दिसते, ते पाकिटावर लिहिलेल्या 'प्रेषक' या मजकुरासारखे असते. तिथे कुणीही कुणाचेही नाव लिहू शकतो. आपण पोस्टाच्या पाकिटावरचे नाव पाहून कधी कुणाला तिजोरीची किल्ली पाठवली नाही. इथेही नाव पाहून काही ठरवू नये.

दुसरी गोष्ट, संकेतस्थळाचा पत्ता वाचायची एक रीत आहे. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्याव्यात आणि त्यानंतरची पहिली तिरकी रेघ जिथे येते, तिच्या लगेच आधीचे शब्द पाहावेत. खरा मालक तिथे असतो. समजा पत्ता 'अमुकबँक.कॉम.खातेतपासणी.नेट' असा आहे. आपली नजर आधी 'अमुकबँक'वर पडते आणि आपण निर्धास्त होतो. पण हे स्थळ 'खातेतपासणी.नेट' नावाच्या कुणा भलत्याचेच आहे. 'कोल्हापूर वस्त्र भांडार, मेन रोड, नाशिक' असा पत्ता असेल तर आपण कोल्हापूरची एसटी पकडत नाही. गाव शेवटी असते. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्रानेही हुरळून जाऊ नये. दोन टोकांमधले बोलणे तिसऱ्याला ऐकू जात नाही, एवढेच ते कुलूप सांगते. पलीकडच्या टोकाला साव आहे की चोर, हे ते सांगत नाही.

याबाबत रिझर्व्ह बँकेने अलीकडे एक चांगले पाऊल उचलले. २०२५ साली तिने सर्व बँकांना आपली संकेतस्थळे '.बँक.इन' असा शेवट असलेल्या पत्त्यावर नेण्यास सांगितले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. ग्राहकाला फार उशिरा का होईना, पण कोष्टकाचे एक पान मिळाले म्हणायचे. मात्र 'बँक'च्या आधी आणि नंतर टिंबच हवे. टिंबाऐवजी आडवी रेघ असली तर तो पत्ता कुणीही विकत घेऊ शकतो.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. पत्रातली वाट धरू नये. बँकेचे पत्र आले, काळजी वाटली, तर ते पत्र मिटवावे आणि बँकेचे ॲप आपल्या हाताने उघडावे, किंवा पासबुकावरच्या नंबरावर फोन करावा, किंवा सरळ शाखेत जावे. पत्र खरे असेल तर तिथेही तीच सूचना दिसेल. पोडेस्टांचे घोडे नेमके इथेच पेंड खाऊन बसले होते.

भाषा अशुद्ध असेल तर पत्र खोटे समजा, ही जुनी युक्ती मात्र आता विसरायला हवी. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने २०२२ च्या अखेरीपासून सर्वांच्या हाती आली आणि भामट्यांचे शुद्धलेखन सुधारले. स्वच्छ मराठीत, 'महोदय' आणि 'कळावे' घालून, आता खोटे पत्र लिहून मिळते.

ओटीपीबद्दलही गैरसमज आहे. ओटीपी ही दुसरी किल्ली. पण खोटे संकेतस्थळ आधी पासवर्ड मागते, मागोमाग ओटीपी मागते आणि त्याच क्षणी दोन्ही खऱ्या बँकेत वापरते. स्ट्राँग रूमच्या दोन्ही किल्ल्या एकाच माणसाच्या हातात दिल्यावर दोन कुलपांचा उपयोग तो काय? 'पासकी' नावाची नवी सोय आता अनेक ठिकाणी मिळू लागली आहे. तिचा गुण असा की, ही किल्ली ज्या संकेतस्थळासाठी घडवली तिथेच चालते. खोट्या दारावर ती लागतच नाही. घरातल्या तरुणांनी वडीलधाऱ्यांना ती बसवून द्यावी.

आधी आपले पत्र सुधारा

आता थोडे माझ्या जुन्या बिरादरीला. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती ग्राहकाला सांगतात, 'अनोळखी दुव्यावर क्लिक करू नका.' आणि त्याच आठवड्यात त्यांचे स्वतःचे पत्र येते : आपले केवायसी अद्ययावत करण्यासाठी येथे क्लिक करा, अन्यथा खात्यातील व्यवहार थांबवले जातील. पाठवणाऱ्याचा पत्ता कुठल्या तरी तिसऱ्याच कंपनीचा. खाली सूचना, 'या पत्राला उत्तर देऊ नये.' मजकूर इंग्रजीत, तोही वकिली. पूर्वी शाखेच्या पत्रावर जावक क्रमांक असे, तारीख असे, अधिकाऱ्याची सही असे आणि शंका आल्यास त्या सहीच्या माणसासमोर जाऊन बसता येई. आज साव आणि चोर यांची पत्रे एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात, आणि त्यांतला फरक ओळखायची जबाबदारी मात्र सत्तरीतल्या ग्राहकावर. संस्थांनी एवढे ठरवले तरी पुष्कळ होईल : पत्रात दुवा घालणार नाही, धमकी घालणार नाही, आणि ग्राहकाला कळणाऱ्या भाषेत लिहू. मग दुवा आणि धमकी असलेले प्रत्येक पत्र आपोआप खोटे ठरेल.

कायदा नाही असे नाही. असल्या पत्रांना बेकायदा ठरवणारा निवाडा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ सालीच 'नॅसकॉम'च्या प्रकरणात दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली दुरुस्ती झाली; दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे यांना कलम ६६ क आणि ६६ ड नुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण कैद करायला चोर सापडावा लागतो. तोवर झळ सोसायची कुणी?

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात याचे उत्तर दिले. ग्राहकाचा दोष नसेल आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याचे काहीच नुकसान होऊ नये, हा त्यातला चांगला भाग. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भारही बँकेवर टाकला, हेही उत्तम. परंतु ग्राहकाने गुप्त तपशील दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सर्व नुकसान त्याचेच, असेही त्यात म्हटले होते. एटीएमचा पिन कार्डाच्या पाठीवर लिहून ठेवणारा आणि बँकेच्याच वेषात आलेल्या चोराने ज्याच्याकडून पिन काढून घेतला तो, अशा दोघांना एकाच मापाने मोजणे मला न्याय्य वाटत नाही. निष्काळजीपणा वेगळा आणि फसवले जाणे वेगळे.

घरातला न्यायनिवाडा

त्या परिपत्रकातले 'कळवेपर्यंत' हे शब्द मात्र प्रत्येक घराने लक्षात ठेवावेत. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे तासा-दोन तासांत पळवले जातात. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि बँकेला जितक्या लवकर कळेल, तितकी ती रक्कम वाटेतच गोठवण्याची शक्यता अधिक. सगळा खेळ पहिल्या काही तासांचा आहे. आणि नेमके ते तास आपल्या घरांत लपवाछपवीत जातात.

माझ्या परिचयातल्या एका निवृत्त शिक्षकांना हयातीचा दाखला नोंदवला न गेल्याचे पत्र आले. त्यांनी दुवा उघडून तपशील भरला. थोड्याच वेळात पैसे निघाल्याचे संदेश येऊ लागले. त्यांनी काय केले? फोन बंद करून कपाटात ठेवला. तिसऱ्या दिवशी, दुधाचे बिल द्यायची वेळ आली तेव्हा, मुलाला सांगितले. इतके दिवस गप्प का राहिलात, असे त्याने विचारल्यावर ते जे बोलले त्याचा अर्थ असा होता, की हे कळले तर बँकेचा व्यवहार तुम्ही माझ्या हातून काढून घ्याल, याची भीती वाटली. पैशांपेक्षा त्यांना घरातली आपली जागा जाण्याची धास्ती अधिक होती. आयुष्यभर ज्याने घराचा हिशेब ठेवला, त्याला आता 'तुम्ही यात पडू नका, बाबा' हे ऐकावे लागणार होते.

ही भीती निराधार म्हणता येईल का? कुणी फसले की आपल्या तोंडून पहिले वाक्य काय निघते? 'इतके शिकलेले असून असे कसे केलेत?' चारचौघांत ती गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाते. सासूबाईंनी ओटीपी कसा दिला, मामांनी कुठे क्लिक केले. घर फोडले गेले तर शेजारी धीर द्यायला येतात. पासवर्ड चोरीला गेला तर हसायला येतात. आणि या हसण्याचा फायदा फक्त एकालाच होतो. त्याला तीन दिवसांची सवड मिळते.

म्हणून सरळमार्गी माणसाला सरळपणा सोडायला सांगू नये. त्याला एकच नवी सवय लावावी : उलट विचारण्याची. बँकेचा फोन असो, आयकराचे पत्र असो की पोराच्या नावाने आलेला निरोप असो, 'थांबा, मी खात्री करून घेतो,' असे म्हणण्यात उद्धटपणा नाही. तारेतला आकडा जुळवणारा अधिकारी उद्धट नव्हता. तो आपले काम करत होता. खरे कार्यालय दोन तास थांबू शकते. ज्याला दोन मिनिटेही थांबवत नाही, त्याच्या घाईतच त्याची ओळख पटते.

आज रविवार आहे, घरात सगळे आहेत. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, १९३० आणि बँकेच्या शाखेचा नंबर ठळक अक्षरांत लिहून ठेवा. आणि मुलांनी आई-वडिलांना, सुनांनी सासूसासऱ्यांना, हो, आणि आई-वडिलांनीही कॉलेजातल्या मुलांना, एवढेच सांगावे की, असे काही झाले तर त्याच मिनिटाला आम्हाला हाक मारा. कुणी रागावणार नाही, कुणी हसणार नाही, आणि पासबुक तुमच्याच खणात राहील.